चार नंबरची खाट

एस.टी.त एकतीस वर्षं तिकिटं फाडली,
म्हणून मंडळाची वही माझ्याकडे आली.
दोंडाईचात, मिरचीबाजाराच्या मागं,
बंद पडलेल्या चक्कीत आमचं गोदाम:
सात वॉकर, कुबड्यांचे अकरा जोड,
सायकलवाल्यानं पंक्चर काढलेली हवेची गादी,
आणि दांडा फिरवला की डोकं उचलणाऱ्या
चार खाटा.
भाडं नाही, अनामत नाही.
नियम एकच, तोही दंगल आप्पाचा:
ज्याच्या घरची खाट मोकळी झाली
त्यानंच ती पुढच्या घरी पोचवायची.

हो, दंगल. दंगल उखा पाटील.
आमच्या खान्देशात असतं असं नाव.
बाप कुस्त्या बघत होता,
तिथंच निरोप गेला, पोरगा झाला.

मिरवणुकीच्या रात्री गावात दगड उडाले,
सकाळी पोलिसांची गाडी
घरात थांबा, घरात थांबा, म्हणत फिरली.
बाटीबाईची छाती
मिरच्यांचे देठ खुडून खुडून गेलेली,
तिच्याकडचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलेलं.
आप्पानं दुसरं हातगाडीवर घातलं,
काठीला पंचा बांधला, निघाला.
नाक्यावर शिपायानं नाव विचारलं.
"दंगल."
दोन तास बसवून ठेवला चौकीत.
मशीन मात्र त्याच शिपायानं
मोटारसायकलवर, पोटाशी धरून,
भिलाटीत पोचवलं.
वहीत मी लिहिलं: नेणार – पोलीस.

शांतता समितीची बैठक झाली.
चहा झाला, फोटो निघाला.
फोटोत मीही आहे, डावीकडून तिसरा,
डोळे मिटलेले.

चार नंबरची खाट हमीदाबी पिंजारींकडे होती,
आठ महिने.
संचारबंदी दुपारी तीन तास उठली,
तेवढ्यात त्यांना माती दिली.
यादीत पुढचं नाव माझ्याच अक्षरात,
दोन महिन्यांपूर्वीचं:
भटू सोनवणे. वडिलांना अर्धांग.

भटूचं नाव पोलिसांच्याही वहीत होतं.
आणि हमीदाबींचा शकूर,
त्याच्या भुवईवर सात टाके.

मी पेन उघडलं.
शकूरची खाट दुसऱ्या कुणाकडे वळवावी,
भटूला गोदामातली द्यावी,
एक रेघ मारली की झालं.
आप्पा कुबडीचा गंज खरवडत होता.
वर न बघता म्हणाला,
"वेबिल खोडतंस का रे कधी?"
मी पेन मिटलं.

शकूर आला चौथ्या दिवशी, टेम्पो घेऊन.
खाट धुतलेली, फिनेलचा वास येणारी.
मी पुढं बसलो, वही मांडीवर.
कोणी बोललं नाही.
सोनवण्यांचं घर माडीवर, लोखंडी जिना,
वळणावर एक माणूसही अंग चोरून जातो.
शकूरनं खाली एक टोक उचललं
आणि उभा राहिला.
दुसऱ्या टोकाला मी वाकलो, कमरेनं नाही म्हटलं.
आप्पाचे गुडघे तर केव्हाच गेलेत.
वरून भटू बघत होता.
किती वेळ, ते मी लिहिलेलं नाही.
मग उतरला.

"तिरपी धर."
"कुठून?"
"पायाकडून. अजून. अजून थोडी."
"जड शे भो."
"मग दम खा."
वळणावर अडकली,
दोघं तिथंच उभे, मधे खाट,
एकमेकांचा श्वास ऐकू येईल इतके जवळ.
शकूरची पट्टी घामानं सुटायला लागली होती.
भटूनं पाहिली.
काही म्हणाला नाही,
पण भार आपल्याकडे ओढून घेतला,
हे मी खालून पाहिलं.

वर नेल्यावर कळलं, फिरवायचा दांडा गायब.
त्या धावपळीत कुठं पडला असेल.
म्हातारा भिंतीला टेकून, जेवण नरड्यात अडकणारा,
त्याचं डोकं उचलायचं कसं?
शकूर टेम्पोत गेला,
चौदा नंबरचा पाना घेऊन आला,
बसवला, फिरवला.
खाट करकरत उठली,
म्हाताऱ्याला खिडकी दिसली,
मिरच्या वाळत घातलेलं लालभडक मैदान दिसलं.
तो शिंकला.
आम्ही सगळेच शिंकलो.

"पाना लागतो मला गॅरेजात," शकूर म्हणाला.
"आणून देतो," भटू म्हणाला.

याला झाले सात महिने.
नवा दांडा मी धुळ्याहून आणलाय,
चक्कीत खिळ्याला टांगलाय.
भटू रोज त्या रस्त्यानं जातो, नेत नाही.
शकूरनं पाना मागितलेला नाही,
दुसरा विकत घेतलाय.

वहीत सगळं आहे, वार, तारीख, सही, अंगठा.
पान्याचा रकाना नाही.
आप्पाला विचारलं, पाडू का एक?
तो म्हणाला,
जाऊ दे ना, चहा सांग.