तुलना

टेबलावर दोघे शेजारी ठेवले.
जुना पिवळट, एका शिंगाचा, पाठीवर धूळ.
नव्याला चार शिंगं,
खोक्यावर दात दाखवणारं एक गोरं कुटुंब.

इर्शाद भिंतीला भोक पाडून गेला.
काचेची तार आहे, वाकवू नका, म्हणाला.
अप्पांनी ती दोन बोटांत धरून पाहिली.
तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात तांबं सोललेला माणूस.
हिला शॉक नाही बसत?
नाही.
मग चालू आहे हे हाताला कळतं कसं?

मी वही घेतली. तुलना म्हणजे तुलना.
हॉल: जुना अठरा, नवा दोनशे सत्तर.
स्वयंपाकघर, फ्रिजच्या आड: नऊ, एकशे दहा.
मोरीत दार लावून, फोन डोक्यावर धरून उभी राहिले:
सहा, एकतीस.
पंतनगरच्या या भिंती म्हाडाने
बहुतेक लाटा अडवायलाच बांधल्या असाव्यात.

जुना बंद करण्याआधी त्याचं पान उघडलं.
कोण कोण जोडलेलं, यादी.
माझा फोन, अप्पांचा, टीव्ही, लॅपटॉप,
आणि एक पाचवा,
नाव नाही, नुसते आकडे आणि अक्षरं,
रोज रात्री साडेनऊला येणारा.
अप्पा, हा कोण?
अप्पा पेपरमध्ये. पेपर कालचा.

जुन्याचा पासवर्ड अप्पांच्या बढतीची तारीख होता,
आठ आकडे, अख्ख्या बिल्डिंगला पाठ.
नवा मी सोळा अक्षरांचा केला,
मध्ये एक टिंब, एक चांदणी.
कुणालाही द्यायचा नाही, बजावलं.
बरं, म्हणाले.
फार लवकर म्हणाले.

जुना भंगाराच्या पिशवीत गेला.
त्या आठवड्यात माझी एकही मीटिंग गोठली नाही,
साहेबांचं तोंड अर्धवट उघडं राहून अडकलं नाही,
आणि अप्पांच्या पँटची घडी मात्र
दोनदा वाकडी आली.

रविवारी रात्री कचरा ठेवायला दार उघडलं
तर चपलांच्या कपाटावर
हिरवा दिवा लुकलुकत होता.
नव्यापासून इथवर तार आणलेली,
भिंतीच्या कडेकडेने,
दर नऊ इंचांवर खिळा, कोपऱ्यात गोल वळण,
खात्याच्या शिस्तीत.
तुझ्या सोळा अक्षरांना हात नाही लावला,
आतून अप्पांचा आवाज.

मी तशीच जिना उतरले, फोन हातात.
तळाशी दयाशंकरची इस्त्री, कोळशाची ऊब,
घडी घातलेल्या शर्टांच्या थप्पीला टेकवलेला त्याचा फोन,
फोनमध्ये एक मुलगी
तेराचा पाढा म्हणत होती,
तेरा सत्ते ला अडली.
तो इस्त्री उचलून थांबला.
मी कठड्याआडच राहिले.

वर येऊन वहीत एक ओळ वाढवली.
जिना, शेवटची पायरी:
नवा शून्य.
जुना दोन काड्या.
पुढे आकडा लिहायला मोजणी लावणार होते,
पण तेवढाही डेटा
तिच्या वाटचा कशाला खा.