बाहीचा गोल

अरबाब म्हणाला, मास्टर, आता खडू पुरे.
शारजातल्या रोलाच्या दुकानात, मागे,
इस्त्रीच्या टेबलाशेजारी कॉम्प्युटर आला
आणि त्याच्यासोबत रोडेल, वय तेवीस,
माझ्या शिलाई मशीनपेक्षा अकरा वर्षांनी लहान.

पहिल्या दिवशी त्यानं मला एक ठिपका दिला.
मग दुसरा. मधे सरळ रेघ.
म्हणाला, आता ओढ.
ठिपक्याला दोन मिशा फुटल्या.
एक धरून ओढली तर रेघ वाकली,
दुसरी धरली तर भलतीकडेच पळाली,
शेपटीला धरलेल्या मांजरासारखी.

बत्तीस वर्षं बाहीचा गोल मी हातानं काढलाय.
पट्टीशिवाय, खांदा बघून.
बर्फ फोडणाऱ्याचा उजवा खांदा
बोटभर मोठा असतो, ते कापडाला सांगावं लागतं.
इथे डावी बाजू काढायची,
उलटी करून उजवीकडे चिकटवायची,
झाला माणूस.

आणि चुकलं की कंट्रोल झेड.
याच्यावर माझा फार दिवस विश्वास बसेना.
उभादांड्याला आबांनी एका नवऱ्याचा कोट
चार बोटं आखूड कापला होता.
अख्खं लग्न तो हात मागे बांधून उभा,
फोटोत अजून तसाच आहे.
मी झेड दाबत दाबत पार कोऱ्या पानापर्यंत गेलो.
तिथे पोचल्यावर बटण विझलं.

मग मासळीबाजारातले बर्फवाले आले,
अकरा जर्सी, दोन जादा.
कॅप्टन शम्सुद्दीन, कासरगोडचा: शार्क पाहिजे,
दात दिसले पाहिजेत.
गुलरोज म्हणाला, वाघ.
बाकीचे हसले, बर्फात कसला वाघ.
रोडेलकडे तयार शार्क होते चारेकशे,
सगळे रागावलेले.
मी म्हटलं, सुरमई काढतो.

इथे तिला कनद म्हणतात,
पण पाठीची रेघ तीच,
तोंडापासून निघते ती एका दमात,
आणि शेपटीच्या देठाशी इतकी बारीक होते
की चिमटीत धरून उचलावी.
रोडेलनं मोजले, माझ्या माशात एकसष्ट ठिपके.
पूस, म्हणाला.
एकसष्टाचे तीस केले. तिसाचे चौदा.
ज्याचा कापडावर भरवसा नाही
तो जास्त टाचण्या लावतो, आबा म्हणायचे.
नऊवर आलो तेव्हा मासा हलला.

आता बटणाएवढा कर नाहीतर इमारतीएवढा,
रोडेल म्हणाला, फुटणार नाही.
मी वाढवत गेलो.
पडदाभर नुसता डोळा, काठ सुरीसारखा.
चष्मा काढून जवळ गेलो, सवयीनं,
एक धागा दिसेना.
मला ते आवडलं नाही. म्हणजे, आवडलं,
पण जेवताना बोललो नाही.

छपाई झाली, गरम कागदावरून कापडावर.
फाइल रोडेलची, कात्री माझी.
गुलरोजचा उजवा खांदा मी बोटभर सोडला,
कुणाला न सांगता.

शुक्रवारी सकाळी गोदामांमागच्या वाळूत
मॅट अंथरून खेळले ते. चौदा धावांनी हरले.
गुलरोजचा हात वर जाताना बाही अडली नाही,
ते मी बघितलं, त्यानं नाही.
आणि शम्सुद्दीन कॅच घ्यायला आडवा पडला,
उठून छाती झटकत माझ्याकडे वळला तेव्हा
माशाची पांढरी किनार एका जागी तुटलेली.
दोन ठिपके जोडायचे राहिले होते.
दोऱ्याएवढी फट. तेरा छात्यांवर.

शनिवारी फाइल उघडली.
मोठं केलं तर फट हातभर,
दोन ठिपके समोरासमोर, अनोळखी शेजाऱ्यांसारखे.
राहू दे, रोडेल म्हणाला, देठाशी आहे,
कोण बघतंय तिथे.

मी म्हटलं, अरे, मासा तिथेच तर धरतात.