पाळी

शुक्रवारची पाळी माझी.
मत्रहच्या बाजारात पहाटेच
कल्ले उचकटून पाहिले. लाल होते.
दीड रियालला सहा बांगडे.
खोलीत माणसंही सहाच.

नवी कंपनी चाळीस रियाल जास्त देत होती,
पण तिकडे मेस,
खाचांच्या ताटात पिवळं काहीतरी,
आणि खोलीत शेगडीला बंदी.
नाही म्हणालो.
घरी फोनवर सांगितलं,
काम उन्हातलं आहे.

परकार ऐकत होता. हसला.
त्यालाही विचारलं होतं कंपनीने.
त्याच्या आईने दिलेली आमसुलं
आता मोजून अकरा.
तिरफळं विमानतळावर हुंगून
कस्टमवाल्याने विचारलं होतं, औषध?
हो, म्हटलं. औषधच.

आज ती ठेचून रश्शात टाकली
तेव्हा वरच्या बर्थवरचा गुलजमान,
डोंगरातला माणूस, मासा शिवत नाही,
उठून बसला.
वाडगा पुढे केला,
नुसता रस्सा, म्हणाला,
आणि दुसऱ्यांदाही तेच म्हणाला.

एक बांगडा उरला.
ताटलीखाली झाकून ठेवलाय
रात्रीच्या भातासाठी.
आमटीपेक्षा महाग आहे तो,
चाळीस रियाल दर महिना.
मांजर आत येऊ नये म्हणून
दार लावून घेतलं.