शून्य पॉइंट तीन नऊ

सोमवारी रात्री अपडेट आलं.
संपेपर्यंत वीज तोडू नका, असं पांढऱ्या अक्षरांत.
आमच्याकडे ही अट म्हणजे नवसच.
टक्के मोजत बसून राहिले.
एकाहत्तरला बल्ब मिचकावला
आणि मी उगाच लॅपटॉपवर हात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मंगळवारपासून तो हळू झाला.
हळू म्हणजे, शकुनाबाई सोयाम यांचं नाव टाइप केलं
तर 'श' उमटेपर्यंत त्या
माठातलं पाणी पिऊन, पदराने तोंड पुसून
परत खुर्चीत येऊन बसल्या.
"लिवलं का वो बाई?"
"लिहितोय तो."

तेंदूपत्त्याच्या बोनसची यादी. दोनशे अठरा मजूर,
पुडक्यांचे आकडे, खात्यांचे आकडे, शुक्रवार शेवटचा.
बाहेर नवतपा. टिनावर कबुतरं पाय बदलत उभी.
मी लॅपटॉप दोन विटांवर चढवला,
कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवलं.
रांगेतलं कुणी काही बोललं नाही,
फक्त जो तो थोडा सरकला, वाऱ्याच्या बाजूला.

कोपऱ्यात त्याचा ताप दिसतो: चोपन्न अंश.
प्रोसेसरला हे काहीच नाही.
गेल्या मे महिन्यात नव्वदवर पळत होता, हूं की चूं नाही.
आता चोपन्नलाच अंग टाकतो.
वेग: शून्य पॉइंट तीन नऊ.

मूलवरून नन्नावरेकाका आले.
रेडिओपासून सगळं उघडलेला माणूस.
वाळलेली पेस्ट खरवडली, नवी काडीने लावली,
पंख्यातून निघाला राइस मिलचा कोंडा आणि एक मेलेला मुंगळा.
तरी तेच. तीन नऊ.
"मशीनले काई नाई झालं," ते म्हणाले,
"नव्या अपडेटनं याच्या डोक्यात भेव भरलं.
ऊन लागाच्या आंदीच सावलीत जाऊन बसते."

मी स्क्रू मोजत राहिले.

बाबा लाइनमन होते.
चार वर्षांमागे, असाच नवतपा, दुपारी दीडला,
गावातले कूलर बंद पडले म्हणून फोनवर फोन.
खांबावरून स्वतःच्या पायांनी उतरले,
कडेला बसले,
मग बसलेलेही राहिले नाहीत.
त्यांच्यात कमी होण्याची सोय नव्हती.
चालू, नाहीतर बंद.

चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले होते,
एकदा उष्माघात झाला की शरीर
पहिल्यासारखं ऊन मोजत नाही, थोड्यालाच पुष्कळ म्हणतं.
तेव्हापासून ते आठलाच अंगणातून उठतात.
कडी लावायलाही वेळ घेतात,
आणि आम्ही म्हणतो, काय झालं तुमाले,
ऊन तं अजून निघालंबी नाई.
आम्ही म्हणजे मी.

"जुनं परत टाकता येते," काका म्हणाले, पेनड्राइव्ह पुढे करत,
"पळन मंग. पण जळला तं मले नको सांगजो."

बुधवारी पहाटे साडेतीनला उठले.
पुढच्या खोलीत, दार उघडं टाकून, लाइट न लावता सुरू केला.
दोन पॉइंट आठ.
अक्षरं बोटांच्या आधी धावायला लागली.
बाबा उठून आले. विचारलं काहीच नाही,
यादीचा कागद घेऊन टॉर्चच्या उजेडात वाचू लागले:
मडावी, सुगंधा. एकशे चाळीस पुडके.
कन्नाके, भिवा. नव्वद.
खांबांचे नंबर वाचायचे त्याच आवाजात, न अडखळता.

एकशे सहाव्या नावाला आकडा घसरला.
मान वर केली तर बाबाही थांबलेले,
कागद मांडीवर पालथा.
ऊन उंबऱ्यापर्यंतही आलं नव्हतं.
आधी कुणी ओळखलं, सांगता येत नाही.

मी झाकण मिटलं. त्यांना पाणी दिलं.
एकशे बारा नावं बाकी आहेत, पहाट एकच.
पेनड्राइव्ह चाव्यांच्या खिळ्याला टांगलाय,
कूलरच्या वाऱ्याने
थोडा थोडा हलतो.