खटका

काटा ‘पी’वर, आणि गाडी मागं चाललेली.
सक्करदऱ्याच्या पुलाखाली, सकाळी साडेसातला,
हौद्यात चाळीस कूलरांच्या वाळ्याच्या ताट्या.
बावणे सांगतात, मी खर्रा घ्यायले उतरलो न,
वळून पाह्यतो तं थे आपल्या मनानंच निघाली.
लिंबानं धरली म्हणून.
आता चालू करायलाही दांडी वर उचलून धरावी लागते,
झोपलेल्या पोराची मान धरावी तशी.

ही गाडी इकडची नाही.
उमरेडकडच्या खाणीवर कोण्या विदेशी कंपनीनं आणलेली,
लिलावात बावण्यांच्या भाटव्यानं घेतलेली.
क्लच नाही. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांद्याला,
डायलवर चार अक्षरं, दोन आकडे,
त्यांतलं एकही आता खरं बोलत नाही.

वाडीकडच्या मोठ्या गॅरेजनं सांगितलं होतं:
बॉक्स उतरवावा लागेल. साठ हजार. पुढचं पुढं.
इद्रीस उस्तादांनी ऐकून घेतलं,
म्हणजे बावण्यांचे ओठ पाहिले;
टेका नाक्यावर तीस वर्षं पत्रा ठोकून कान गेलेत.
मग एका बोटानं दांडी हलवली,
दुखरा दात जिभेनं हलवतात तशी.
‘छोटू, नीचे.’

छोटू म्हणजे मी. सगुणा उईके, वय वीस.
माझ्या आधी होता तो छोटूच होता, त्याच्या आधीचाही.
इथं नाव पान्ह्यांसोबत मिळतं.

चाकांना विटा लावल्या. पुठ्ठा टाकून पाठीवर सरकले.
मे महिना. वर पत्र्याला हात लावायची सोय नाही,
खाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन,
इतकी गार की काम लवकर सापडू नये.
आमचं ठरलेलं आहे:
हललं, तर चासीवर पान्हा एकदा.
नाही हललं, तर दोनदा.
उस्तादांना ते तळपायांतून कळतं.

वर हात. खाली मी.
दांडी ‘पी’तून निघाली.
टण टण.
‘आर’.
टण टण.
‘एन’पर्यंत पोचली असेल, तेव्हा कुठं
बॉक्सवरचा लिव्हर आळस देत जरासा सरकला.
टण.
वर तीन घरं फिरून झाली, खाली आत्ता पहिली बातमी.
उलटं फिरवलं. तेवढाच उशीर, दुसऱ्या बाजूनं.

रॉड सोडवला, बॉक्सचा लिव्हर हातानं ढकलून पाहिला.
टक, टक, टक, टक.
कुठं लटपट नाही. बॉक्सला काहीच झालेलं नाही.
म्हणजे वर जायचं. टॉर्च तोंडात,
बोटांनी रॉड चाचपत, प्रत्येक सांध्याला
तू का रे, तू का, असं विचारत.
इंजिनाचं माऊंटिंग: पक्कं.
मधला ब्रॅकेट: गंजलेला, पण पक्का.
आणि कॉलमच्या पायथ्याशी, रॉड जिथं कानात अडकतो,
तिथं बुश असायला हवा होता.
थोडी पिवळी भुकटी होती,
आणि एक भोक, ज्यात माझी करंगळी गोल फिरली.

‘येवढुसं?’ बावणे म्हणाले.
येवढुसंच, भाऊ.
वीस वर्षं एका प्लास्टिकच्या कड्यानं
वरचा निरोप खाली पोचवला,
त्याला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

पार्ट आख्ख्या नागपुरात नव्हता.
कॉटन मार्केटच्या दुकानदारानं फोटो पाहून हात जोडले.
शेवटी इतवारीतल्या खराद्यानं नायलॉनचा कातून दिला,
ऐंशी रुपये, आणि वर आणखी एक, असू द्या म्हणून.
बसवला. ग्रीस. नट. रॉड दोन आटे आत.
काटा अजून ‘पी’च्या जरा अलीकडं थांबतो,
त्याची तार वेगळी आहे, ते काम सोमवारी.

दांडी वरून खाली.
टण. टण. टण. टण.
बावणे पैसे मोजायला बाहेर गेले.
उस्तादांनी काही कारण नसताना
डोळे मिटून, तळवा ठेवून,
पुन्हा एकदा ‘पी’चा खटका पाडला.

मी अजून खालीच होते. पान्हा हातात.
वाजवला नाही.