चौथा दिवस

मडगावहून फोन आला. आठांपैकी
सातांची वाढ थांबलीय, म्हणाले.
रासयच्या धक्क्यावर सगुण तेव्हा
बार्जच्या पोटाला पत्रा जोडत होता.
फोन मीच घेतला.

डॉक्टरीण आधीच बोलली होती:
पहिले तीन दिवस
बाईच्याच शिदोरीवर चालतं सगळं.
बापाकडून तुटका धागा आला
तर अंडं आपल्या परीनं सांधतं.
पुढं मात्र बापाची पानं उघडावी लागतात.

अकरा वर्षं रफू करतेय मी
ठिणग्यांनी चाळणी झालेले त्याचे शर्ट.
काही भोकांना कडच उरत नाही,
तिथं टाका धरत नाही.

रात्री ताटातला बांगडा
तो नुसता उलटत राहिला.
एक आहे अजून, मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
उद्यासाठी
एखादा धड शर्ट आहे का?