बाकाचा ठराव

मंगळवार, बारा वाजून पाच.
ओरेस्ट घंटा वाजवतो. चर्चच्या तळघरात
सतरा खुर्च्यांवरची अकरा माणसं गप्प होतात.
उशिराचा दंड एक डॉलर;
डॉरीन डब्यात दोन टाकते, पुढच्या आठवड्याचाही.

बीटाचं सार. बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वर परतलेला कांदा.
घास तोंडात असतानाच अहवाल:
जुने चष्मे, चारशे बारा.
हलुश्काबाईंच्या दारातला उतार, दोन फळ्या कमी.
आणि थांब्यावरचं बाक.

‘थांबा कसला? गाडी मार्चपासून बंद आहे,’ लायल म्हणतो.
चमचे थांबतात.
खिडकीच्या पट्टीतून दिसतो तेवढा बर्फ,
आणि कुणाचे तरी बूट, जाणारे.

मग कुणीतरी, लाकूड आणून झालंय.
कुणीतरी, पाटी कोरूनही.
हात वर होतात. अकरा.
‘मी मीठ मागत होतो,’ लायल म्हणतो,
पण ओरेस्टने लिहून टाकलेलं असतं: एकमताने.

जूनमध्ये बसवलं. तोंड रस्त्याकडे,
ठरावात होतं तसं.

परवा तिथे लायल दिसला,
टोपी मांडीवर, नजर लांब गव्हाकडे.
मी काच खाली केली.
कशाची वाट बघतोयस?

तो जरा सरकला,
हाताने शेजारची धूळ झटकली.
म्हणाला,
बस.